कारणाचा रकाना

मेंढी कुत्र्यांनी फाडली तर भरपाई मिळायची नाही, लांडग्याने मारली तरच मिळायची. म्हणून गुरांचा डॉक्टर दातांच्या खुणा कुत्र्याच्या दिसल्या तरी मेंढपाळाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून कारणाच्या रकान्यात बिनदिक्कत ‘लांडगा’ लिहायचा. तेवढाच गरिबाला हातभार. वर्षभरात असे चाळीस लांडगे कागदावर जमले. कागद वर गेले, सभेत लोक खवळले, ठराव झाला, बंदुका आल्या. शेवटची लांडगीण तपासणीला त्याच्याच टेबलावर आली. त्याने पोट उघडलं. आत उंदरांची हाडं आणि सशाचे केस होते, लोकरीचा धागाही नव्हता. हात धुवायचंही त्याला सुचेना. तेवढ्यात म्हातारा मेंढपाळ दारात आला. “डॉक्टर, काल पुन्हा दोन मेंढ्या गेल्या. तेवढं नेहमीचं लिहून द्या.” डॉक्टरने सवयीने फॉर्म ओढला, पण रकान्यापाशी पेन अडलं. “काका, लांडगे संपले. आता कोणाच्या माथी मारू?”