खड्ड्यातला मॉनिटर

तोंड वर कर, चंचल. हालू नको, नाई त रंग वंगाळ लागते. आज तुह्यी पह्यली एंट्री, अन् तीबी श्रीहरीभाऊसंगं. रंग सुकेपर्यंत तुले मॉनिटरची गोष्ट सांगतो. हासू बी येईन, अन् कामातही पडन.

मागच्या दिवाळीनंतरचं हाय हे. आपल्या नाटक कंपनीचा खेळ सिंदेवाहीकडच्या एका गावात होता, मंडईच्या जत्रेच्या दिवशी. दुपारीच मालक गुणवंतराव जीपमधून एक भल्ला मोठा खोका घेऊन उतरले. संगं लाईटवाला मिथुन.

"का हाय हे?" डोमानं इचारलं.

"मॉनिटर. कम्प्युटरचा पडदा," मालक म्हणे. "तुह्या जागी."

डोमा म्हणजे आपला प्रॉम्टर. स्टेजच्या पुढं खड्डा, खड्ड्यात डोमा, डोमाच्या मांडीवर नाटकाचं पुस्तक. तो खालून सांगते, नट वरून बोलते. आपल्या झाडीपट्टीत दोन-चार तालमीत नाटक उभं राह्यते, पाठ कोणाले होते बाप्पा? पन डोमाचा आवाज बैलबाजारातला. मागच्या रांगेतले पोट्टे हिरोच्या आधीच डायलॉग म्हणून मोकळे होत, अन् रडाच्या सीनले पब्लिक हासे. म्हून मालकानं हे काढलं. नट वाचून बोलतीन, अन् डोमा घरी जाऊन धान राखन.

खड्डा लहान. मॉनिटर तरी बसन, नाई त डोमा तरी.

मिथुननं खड्ड्यात विटा रचल्या, वर मॉनिटर ठेवला, मागून फळीचा टेकू देऊन नटाकडं कलता केला. वायर लॅपटॉपले जोडली. पडदा निळा झाला अन् त्याच्यावर एक बारकी ओळ आली.

"का म्हणते?" डोमा.

"सिग्नल नाई म्हणते."

"मंग पहाडीवर नेऊन बसव त्याले. आमी फोन बी तिथीच लावतो."

"टॉवर नाई लागत काका, वायर ढिली हाय." मिथुननं वायर दाबली, अन् पडद्यावर नाटकाचं पह्यलं पान उभं राह्यलं. सगळ्या नटाईनं वाकून वाकून वाचलं. सगळे खुश. डोमा कोणाच्या तोंडाकडं पाहेना.

"श्रीहरीभाऊले बलावा," मालक म्हणे. "पब्लिक त्याईलेच पाह्याले येते. हिरोले जमलं का झालं."

भाऊ आले. येता येता वायरीत पाय अडकला, खांब हाती आला म्हून वाचले.

"दुपारपासूनच का भाऊ?" मालक हासले.

"थंडी हाय ना मालक," भाऊ म्हणे. पितात म्हून गावोगाव बोभाटा होताच. भाऊनं कधी तो खोडला नाई.

उभे राह्यले जागेवर. मिथुननं पान लावलं.

"अक्षर बारीक हाय," भाऊ म्हणे.

मोठं केलं.

"अजून कर."

अजून केलं.

"आता उजेड मारते डोळ्यावर."

उजेड उतरवला.

"आता अंधुक झालं. तू अक्षरच वाढव."

वाढवता वाढवता अख्ख्या पडद्यात 'माय' येवढंच मावलं.

"भाऊ, नवरी पाह्याले आले का?" मालक तडकले. "घडीत नाक मोठं, घडीत रंग कमी! आज याच्यावरच खेळ होईन. डोमा, उचल तुह्यं सामान."

"होईन सवय," भाऊ हळूच म्हणे.

डोमानं खड्ड्यातून आपलं बसाचं बोरं काढलं, चादर काढली, बॅटरी काढली. पुस्तक काखेत मारलं. पन गेला नाई. स्टेजच्या मागं बिडी ओढत बसला. घरी खाणारे तोंडं होतेच, पन त्याच्या डोक्यात श्रीहरीभाऊच घुमत होते. 'वाचून बोलतीन म्हणे! कसे बोलतीन?'

सगळे जेवाले गेले, तशी त्यानं बिडी इझवली. खड्ड्यात उतरला. वायर ओढली अन् तिचं टोक इटेनं ठेचलं.

मालक हात धुवाले आले, अन् नेमकं तेच पाह्यलं.

"का बे चोट्ट्या! इतके वर्सं माह्या हातचं खाल्लं, अन् माह्याच मशीनवर हात टाकते?"

"टाकतो. मले माह्यी जागा पाह्यजे."

"पोटासाठी येवढा खाली गेला तू?"

"मी खड्ड्यातच बसतो मालक. अजून कुठी खाली जाऊ?"

मालकानं कॉलर धरून त्याले वर काढलं. सारी कंपनी जमली. ज्यानं त्यानं तोंडसुख घेतलं. ज्याईले त्यानं जलमभर डायलॉग पुरवले, तेच त्याले बोलत होते. डोमानं मान खाली घातली.

तवा श्रीहरीभाऊ गर्दीतून पुढं आले. डोमाच्या खांद्यावर हात ठेवला.

"मालक, डोमा जाईन त मीबी रंग पुसतो."

बाहेर गावोगावच्या गाड्या लागल्या होत्या. मंडप भरत आला होता. मालकानं शिवी गिळली. डोमा परत खड्ड्यात. मिथुननं दुसरी वायर लावून मॉनिटर विंगेत उभा केला, बाकीच्या नटाईसाठी. खेळ झकास झाला. पन तवापासून कंपनीतले पोट्टे डोमाले 'वायरतोड्या' म्हणतात. पोटासाठी मालकाच्या मशीनवर उठला म्हणतात. तो आयकते, अन् बिडी पेटवते.

झालं. उघड डोळे, रंग सुकला. तिसऱ्या अंकात श्रीहरीभाऊले पाण्याचा तांब्या द्याचं काम सुगंधाबाई करे, आता ते तुह्यावर आलं. बोल त डोमा पोचवते, पन तांब्या काई त्याले खड्ड्यातून पोचवता येत नाई. म्हून येवढं कर पोरी, तांब्या पुढं धरून उभी नको राहू. बांगड्या वाजवत जवळ जाय, पब्लिकले समजू न देता भाऊचा हात धर, अन् तांब्या त्याईच्या हातात ठेव.