नळाला आलेली आई

तानीबाईंच्या घागरीत नळातून लाल पाणी पडलं, तेव्हा वडगावच्या त्या विणकर गल्लीत कुणी नाक मुरडलं नाही. उलट बायकांनी पायांतल्या चपला काढल्या आणि हात जोडले. मंगळवार होता. त्र्याऐंशी सालचा मार्च, पाणी तिसऱ्या दिवशी यायचं, आणि आज आलं ते कुंकू कालवल्यासारखं.

"यल्लम्मा आली गं दारात," तानीबाई म्हणाल्या. सत्तरीची बाई. देवीच्या सौंदत्तीच्या डोंगराची खेप जन्मात चुकवली नव्हती, यंदा मात्र गुडघ्यांनी दगा दिला होता. "मला डोंगर चढवंना, म्हून तीच खाली उतरली." बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते.

समोरच्या दारात जोतिराम उभा होता. त्याचा धंदा सूत रंगवायचा. लडी लाल रंगात बुडवायच्या आणि मग सिमेंटच्या टाकीत धुवायच्या. ते पाणी बघून तो तसाच आत पळाला. काल संध्याकाळी टाकी काठोकाठ लाल होती. आता निम्मी उतरलेली. नळाचा रबरी पाईप टाकीच्या तळाला लोळत होता, तोटी उघडी होती, आणि पाईपातून नवं पाणी आत बुडबुडत होतं. टाकी फुटली म्हणावं, तर फरशी कोरडी ठाक.

नळ सोडणाऱ्या मल्लाप्पानं त्याला दोनदा बजावलं होतं, "पायपाचं तोंड पाण्यात बुडवू नको रं. वीतभर वर टांग. वरनं पाणी तोडलं की नळ उलटा वढतोय." जोतिरामनं ते हसण्यावारी नेलं होतं. पाण्याच्या वेळेचा नेम नाही, तेव्हा गल्लीतले सगळेच रंगारी तोटी उघडी टाकून, पाईप टाकीत सोडून निवांत झोपायचे. पाणी आलं की आपसूक भरतंय, कोण उठतंय पहाटे?

त्यानं तोटी बंद केली आणि पाईप उपसून फेकला. पण रात्रभरात नळानं गिळलेलं कसं उपसायचं? नुसता रंग असता तर एक वेळ चाललं असतं. त्यात कॉस्टिक होतं, त्याच्या बोटांची सालं काढणारं.

बाहेर येतो तर घागरीपुढं उदबत्ती लागलेली. आरती उरकली होती, आता तीर्थ. तानीबाईंनी पळी हातात घेतली होती आणि रांगेत पहिली होती शेजारची यल्लव्वा, कडेवर दहा महिन्यांची पोर घेऊन. तीन दिवस पोरीचा ताप हटत नव्हता.

"आक्का, थांबा," जोतिराम म्हणाला. "त्ये कुणाला देऊ नका. माझ्या टाकीतला रंग हाय त्यो."

"तुजा?" तानीबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नळातनं पाणी भाईर येतंय का आत जातंय रं? शाळा शिकलाईस न्हवं तू?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"मल्लाप्पाला इचारा. पाईप बुडाला की नळ वढून घेतोय. इख हाय त्ये, आक्का. तोंड भाजंल लेकराचं." हे कबूल केलं की म्युन्सिपालटी नळ तोडणार, धंदा बसणार, आणि गल्ली तोंडात शेण घालणार ते वेगळंच. तरी बोलला बिचारा. आणि खरं वाटावं म्हणून त्यानं दोन्ही हात पुढं केले. कोपरापर्यंत लाल होते ते.

तानीबाई त्या हातांकडे बघतच राहिल्या. मग हळूच वाकल्या आणि त्याच्या तळव्यांना कपाळ टेकवलं.

"तुज्या हातनं आणवलं रं तिनं," त्या म्हणाल्या. "लई भाग्याचा हाईस, जोत्या."

आता काय करावं माणसानं? जेवढं खरं सांगावं, तेवढं यांचं खोटं घट्ट होत होतं. यल्लव्वा पुढं सरली आणि तिनं भरलेली पळी त्याच्याच हातात दिली.

"अण्णा, तुमीच पाजा की."

पोरीनं तापानं सुकलेले ओठ उघडले.

जोतिरामनं पळी भिरकावली आणि घागरीला लाथ मारली.

पाणी फरशीवरून गटारात गेलं. तानीबाई मटकन खाली बसल्या. यल्लव्वानं पोरीला पदराआड घेतलं आणि ती मागं सरकली, त्याला भिऊन. देवीला लाथ मारलेला माणूस होता तो. लहानपणापासून तोही तिलाच मानत आला होता. पण पोरीच्या तोंडात थेंब गेला नव्हता. तेवढं एक धरून तो उभा राहिला.

इतक्यात उताराकडून बायाक्का आली. खालच्या अंगाला जी शाळा आहे, तिथं ती झाडलोट करायची. धापा टाकत होती, आणि इथलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. तोंडावरून आनंद नुसता ओसंडत होता.

"तानीआक्का, शाळंच्या नळालाबी आई आली गं," ती म्हणाली. "पोरांस्नी रांगंनं बशिवलंय, एकेकाला ओंजळ ओंजळ देत्यात. पैलीची पिऊन झाली, आता दुसरीची बसल्यात."