वर्दीशी इंग्रजीत

दारात वर्दी दिसली तसा बार्टली इंग्रजीवर आला. आयर्लंडच्या या पश्चिम किनाऱ्यावर घराघरांची ती रीतच. पोलीस आला, डॉक्टर आला, की घरातली आयरिश भाषा गुंडाळून ठेवायची. समोरच्याला कळत नसेल तर बरं दिसत नाही.

"या मॅडम, बसा. शेजाऱ्यांनी उगाच पळवलं तुम्हाला." फुटलेल्या बशीचे तुकडे त्याने बुटाने बाजूला सारले.

पोलीस शिपाई ओर्ला बसली नाही. ती डब्लिनची, इथल्या ठाण्यात नवी. तिने बार्टलीच्या बायकोकडे पाहिलं. बाबीनचा ओठ फाटला होता आणि उजवा हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता.

"हाताला काय झालं?"

बाबीनला इंग्रजी येत होतं, पण दुकानापुरतं. "शेगडी," ती म्हणाली. "तोल गेला."

"घाबरलीय बिचारी." बार्टलीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तान्ह्याला जोजवावं तशा आवाजात, आयरिशमध्ये म्हणाला, "राणी, हेच बोलत राहा. नाहीतर ही बया गेली की दुसरा हातही शेगडीवर ठेवीन. आणि या खेपेला काढू देणार नाही."

मग ओर्लाकडे वळून, इंग्रजीत, "म्हटलं, मॅडमना चहा टाक."

ओर्ला बाबीनकडे वळली. मग शाळेत शिकलेल्या पुस्तकी आयरिशमध्ये तिने बाबीनला विचारलं, "दुसरा हात, असे हे म्हणाले. पहिला कोणी ठेवला?"

बार्टलीचा हात खांद्यावरच होता. त्याची बोटं आवळली.

वर्दीतल्या माणसाशी बाबीन आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या भाषेत बोलली. "यानं."

बार्टलीने खुर्ची उचलून ओर्लाच्या डोक्यात घातली. ती पडली तसा तो तिच्या छातीवर गुडघा रोवून बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तिचा गळा धरला.

"आयरिश येतं होय तुला? बोल की. बोल आता."

ओर्लाच्या टाचा फरशीवर आपटत होत्या. तिच्या खांद्यावरचा वॉकीटॉकी सुटून घरंगळत बाबीनच्या पायाशी आला. बाबीनने तो उचलला, बटण दाबलं. दुकानापुरतं इंग्रजीही कुठल्या कुठे गेलं होतं.

"मारतोय तो तिला," ती आयरिशमध्ये म्हणाली. "तुमच्या पोरीला मारतोय. बार्टलीचं घर, धक्क्याजवळचं. लवकर या."

खरखर झाली. "कोण बोलतंय? बाई, इंग्रजीत सांगा. इथं हे कुणाला कळत नाही."

तिने तेच पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"इंग्रजीत, बाई," पलीकडचा आवाज म्हणाला. तो अगदी सौजन्याने बोलत होता. "प्लीज."

फरशीवरच्या टाचा मंदावल्या.

बाबीनने वॉकीटॉकी टेबलावर ठेवला. शेगडीवर बटाटे रटरटत होते. तिने हाताचं फडकं सोडलं, उकळतं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि ती बार्टलीकडे वळली.