हातोडीच्या आधी

“आधी चिठ्ठी द्या, मग काय ती नाटकं करा!” तपासायच्या टेबलावरूनच वजदी ओरडला. मोटारसायकलवरून पडल्यापासून तो घरी बसून होता. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मालक गाडी देणार नव्हता, मग स्फॅक्सच्या बंदरातली मासळी बाजारात पोचवणार कोण?

“ओरडू नकोस रे. नुसत्या डोळ्यांना तुझा गुडघा ठीकच दिसतो,” डॉक्टर रफीका म्हणाल्या. “म्हणून तर या तारा लावल्या.”

पडद्यावर दोन रेघा होत्या, तांबडी गुडघ्यावर मारायच्या हातोडीची आणि निळी पायाची. आधी तांबडी उसळते, मग निळी. सगळ्यांचं तसंच असतं.

वजदीची निळी आधी उसळली होती.

“म्हणजे माझा पाय तुमच्याहून हुशार!” तो हसला. बाई हसल्या नाहीत.

त्यांनी परत हातोडी मारली. पाय उडाला तेव्हा हातोडी हवेतच होती. पुढच्या वेळी तर त्यांनी ती उचललीही नव्हती. त्या हळू मारणार असल्या की पाय हळू उडायचा, जोरात मारणार असल्या की जोरात.

“बास!” त्यांनी हातोडी खणात टाकून कुलूप लावलं. “आता मी मारणारच नाही.”

तेवढ्यात वजदीचा पाय असा उडाला की समोरची खुर्ची भिंतीवर आपटली. निळी रेघ पडद्याबाहेर गेली.

दोघंही तांबडीकडे बघत राहिले. ती अजून सरळच होती.

“एवढा मोठा फटका... मारणार आहे कोण?” बाई पुटपुटल्या.

वजदीनं तारा ओरबाडून काढल्या. “मला निघायला हवं. आत्ताच.”