वाचकांची वेळ

नारपोलीचं वाचनालय डिजिटल झालं. पुस्तकांची कपाटं हलली, त्या जागी चकचकीत स्क्रीन आल्या आणि सगळी पुस्तकं स्कॅन होऊन त्यांत जाऊन बसली.

"आता धूळ नाही, वाळवी नाही. बटण दाबा, पुस्तक हजर!" फीत कापून साहेब म्हणाले. मग त्यांचं लक्ष रिकाम्या खुर्च्यांकडे गेलं. बाहेर पॉवरलूमची खटखट एवढी, की ग्रंथपाल सुकन्याताईंच्या कानाशी वाकून त्यांना ओरडावं लागलं.

"अहो मॅडम, एवढं सगळं केलं, पण वाचक कुठायत?"

"ते काय समोर, लूमवर. एवढ्यात नाही यायचे."

"मग येतात कधी?"

"दुपारी. कधीकधी तर अशी गर्दी होते, की खुर्ची मिळत नाही. लूमवाले हरेशभाऊ उभ्या उभ्याच कादंबरी वाचतात."

साहेब खूश झाले. "वा! म्हणजे दुपारी शिफ्ट सुटते वाटतं?"

सुकन्याताईंनी एकदा त्या नव्याकोऱ्या स्क्रीनकडे पाहिलं.



"शिफ्ट कुठली सुटते साहेब, लाइट जाते."