मागची काच

नागापूर एमआयडीसीतल्या कंपनीत कामाला असलेल्या भीमराजनं घासाघीस करून सेकंडहँड एसयूव्ही घेतली. छोटीच होती, पण पाथर्डीकडच्या त्यांच्या वस्तीतली पहिलीच. वडील रंभाजी निळ्या अक्षरांचं ‘जय भीम’ स्टिकर खिशात घालूनच गाडी आणायला आले होते.

खिशातून डोकावणारं स्टिकर बघून एजंट चावी देता देता म्हणाला, “मागची काच कोरी ठेवा साहेब. हे लावलं की निम्मी गिऱ्हाइकं गाडीचं दारसुद्धा उघडत नाहीत. रिसेल पडते.”

भीमराजनं होकारार्थी मान हलवली.

“आरं, आजून घरी न्हेली न्हाई, अन् इकायला निघाला व्हय?”

“आबा, व्यवहार असतो तो.”

“मग तुझं नाव बी खरवडून टाक. भीमराजला तरी कुठं रिसेल हाय?”

गाडी वस्तीकडं निघाली. कच्च्या रस्त्यानं गाडी मातीनं माखली. दारात उतरल्यावर भीमराज ओलं फडकं घेऊन मागं गेला आणि तिथंच थबकला. जुन्या मालकानं स्टिकर खरवडलं होतं, पण त्याचा चिकटा काचेवर राहिला होता. त्यावर धूळ बसून अक्षरं उठली होती : जय भीम.

खरवडूनही त्या माणसाला भाव काही मिळाला नव्हता. तो भीमराजनंच पाडला होता.

रंभाजींनी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

 

तेव्हापासून ती गाडी तीनच बाजूंनी धुतात.