यादीत नसलेली आई

"मॅडम, आई चालू आहेत, पण यादीत नाहीत," स्मृतिकेंद्रातले घोडके तिसऱ्यांदा म्हणाले.

शर्मिष्ठाने कपाळावर हात मारला. मंगळवारी आई गेली, तेव्हा तिचं मन इथल्या संगणकात उतरवलं होतं. गुरुवारी मनांची नोंद ठेवणारी यंत्रणा कोसळली आणि केंद्राने ती सोमवारच्या बॅकअपवरून पुन्हा उभी केली.

"म्हणजे मंगळवारची माणसं तुमच्या लेखी आलीच नाहीत?"

"बिननावाची बावीस मनं चालू सापडलीत, आई त्यातच असणार. बारा वाजता यंत्रणा ती आपोआप पुसेल."

"अहो, मग त्यांनाच नावं विचारा ना!"

"यादीत नसलेल्यांशी बोलायची आम्हाला परवानगी नाही."

शर्मिष्ठाने त्यांच्यासमोरचा माइक ओढून घेतला. एकेका मनाला ती नाव विचारत गेली. सहा परक्या आवाजांनी नावं सांगितली. घोडके मुकाट्याने लिहीत राहिले. सातव्या आवाजाने प्रश्न पुरा होऊच दिला नाही.

"शमे, तीन दिवस एकटी बसलेय इथे! चौकशी करायला तोंड दुखतं का तुमचं?"

"इंदुमती दामले लिहा," शर्मिष्ठा डोळे पुसत म्हणाली. बाराला दहा मिनिटं होती. तिने आठव्याला विचारलं, "तुमचं नाव काय हो?"